सीमा गल्लीतल्याही ओलांडायच्या आहेत

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. तेव्हा चर्चा झाली ती दहा लाख डॉलरच्या रकमेची, त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याच्या निर्णयाची आणि पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडची. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मात्र या कौतुकात मागे राहिल्या. आपल्यातल्या तरुणांनी, विशेषतः शिक्षक असलेल्यांनी आणि डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्यांनी, नेमके त्या दोन गोष्टींकडे पाहावे असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट भाषेची. डिसले २००९ मध्ये त्या शाळेत गेले तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. ते आधी कन्नड शिकले. मग पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कवितांचे ऑडिओ, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. म्हणजे मोबाइल नंतर आला, मुलाची भाषा आधी आली. आज बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेला असतो. तो स्कॅन करणे सोपे आहे. समोरचा मुलगा घरी काय बोलतो हे समजून घेणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमाची. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण अशा तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून जोडले. सहा आठवड्यांत प्रत्येक मुलाला पलीकडच्या देशातला एक जोडीदार मिळे. दोघे एकमेकांशी बोलत, प्रश्न विचारत, आपल्यात काय सारखे आहे ते शोधत.

आता आपल्या शहरांकडे वळू. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, अकोला, मुंब्रा. एका बाजूला उर्दू माध्यमाची शाळा, दुसऱ्या बाजूला मराठी माध्यमाची. अंतर कधी कधी दहा मिनिटांचे. तरीही दहावीपर्यंत या दोन शाळांतली मुले एकदाही एकमेकांशी बोललेली नसतात. उर्दू माध्यमात मराठी विषय शिकवला जातो, मुले त्यात पासही होतात. पण तहसील कार्यालयात अर्ज देताना, बँकेत चौकशी करताना त्यांची जीभ अडखळते. पोलीस भरती, तलाठी भरती यांच्या परीक्षांत मराठीचे गुण असतात आणि आपली कितीतरी हुशार मुले तिथेच मागे पडतात. पलीकडच्या मुलाचेही नुकसान होते. मुस्लिम मुलगा त्याला शेजारी म्हणून भेटतच नाही, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डमधून भेटतो.

फॉरवर्डची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. मुले पळवली जात असल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. ते ठार झालेले लोक कोणत्या समाजाचे होते, हा प्रश्न दुय्यम आहे. अनोळखी माणूस आणि न तपासलेला मेसेज एकत्र आले की काय होते, ते तिथे दिसले. वर्गात दर आठवड्याला एक व्हायरल मेसेज घेऊन तो कुठून आला, तारीख कोणती, फोटो कुठला, हे मुलांकडून शोधून घेणारा शिक्षक कदाचित कोणाचा तरी जीव वाचवत असेल.

मग आपल्यातल्या शिक्षकाने काय करावे? सुरुवात लहान असावी. एक उर्दू शाळा, एक मराठी शाळा, एकच इयत्ता, दोन शिक्षकांचे दोन फोन. उर्दू शाळेतली मुले मराठीच्या पुस्तकातला उतारा वाचून आवाज रेकॉर्ड करतील, पलीकडची मुले उच्चार सांगतील आणि बदल्यात चार उर्दू शब्द शिकतील. पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल. विषय साधा : आमच्याकडे पाणी किती वाजता येते, आजीच्या हातची कोणती भाजी आवडते, सुट्टीत कुठे जाता. वर्षाच्या शेवटी दोन्ही वर्गांनी एकमेकांच्या शाळेत जाऊन एकत्र डबा खावा. स्क्रीनवरची ओळख प्रत्यक्ष भेटीपर्यंत गेली, तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

यात आपल्या घरातली एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलली पाहिजे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्के. हा फरक सर्व समाजांत आहे, आपल्या वस्त्यांतही आहे. लॉकडाऊनमध्ये घरातला एकमेव फोन अब्बांबरोबर कामावर जाई, नाहीतर भाईच्या हातात असे. बहिणीचा तास तसाच निघून जाई. मुलगी बिघडेल म्हणून तिला फोन न देणारे घर मुलाला रात्री दोनपर्यंत रील पाहू देते, हे कसले संरक्षण? म्हणून शिक्षकाचा उपक्रम घरच्या फोनवर अवलंबून नसावा. शाळेतला एक फोन, शाळेच्या वेळेत, सगळ्यांसमोर आणि मुलींची पाळी आधी.

काही पथ्येही आहेत. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ पालकांच्या परवानगीशिवाय कोणत्याही ग्रुपवर जाऊ नयेत; २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलांशी संपर्क शाळेच्या ग्रुपवरच असावा, रात्रीचे खासगी मेसेज नकोत. आणि शिक्षण खात्याने हेही लक्षात घ्यावे, की शिक्षकाचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात गेला तर त्याच फोनने शिकवायला त्याच्याकडे वेळ उरत नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण शिक्षक नसेल. पण प्रत्येकाची एक जुनी शाळा आहे आणि तिथे एखादे सर किंवा मॅडम तुम्हाला नावाने ओळखतात. त्यांना भेटा. नेट पॅक भरून द्या, कॉल जोडून द्या, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे त्यांच्याबरोबर जा. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक शहरात अशी निदान एक जोडी तयार असावी. परितेवाडीच्या वर्गातून पाकिस्तानपर्यंत जाता आले. आपल्याला तर फक्त रस्ता ओलांडायचा आहे.