हातातले खेळणे आणि फ्लॉपीतले दफ्तर

#धागा

१/ हातात मावणाऱ्या गेमिंग यंत्रावर विंडोज ९५ सुरू करून दाखवणारी हौशी मंडळी जगभर आहेत. पडदा चार इंचांच्या आसपास, माउस नाही, कीबोर्ड नाही, आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत चहा करून प्यावा इतका वेळ जातो. पाहणारे हसतात, करणारेही हसतात आणि विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये. सातारा-सांगलीच्या इतिहासाचा नाद असलेल्या तरुणांनी तर या उद्योगाकडे अभ्याससाधन म्हणून पाहिले पाहिजे. कारणे पुढे मांडतो.

२/ प्रथम यंत्रांची ओळख. सोनीचे पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानात विक्रीस आले. प्रोसेसरचा कमाल वेग ३३३ मेगाहर्ट्झ, स्मृती ३२ मेगाबाइट. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरे, म्हणजे जागेची अडचण नव्हती. अडचण भाषेची होती. पीएसपीचा प्रोसेसर मिप्स घराण्यातला आणि विंडोज ९५ लिहिलेले इंटेलच्या एक्स८६ घराण्यासाठी. एकाची आज्ञा दुसऱ्याला कळत नाही. तरीही २००५ सालीच हौशी प्रोग्रामरांनी ‘बॉक्स’ नावाचा एम्युलेटर पीएसपीवर उतरवून त्यात विंडोज ९५ चालवले. निन्टेन्डो डीएसवर ‘मिनी व्हीमॅक’च्या आधारे जुना कृष्णधवल मॅकिन्टॉशही जागा झाला.

३/ एम्युलेटर काय करतो? दरबारातल्या दुभाष्याचे काम करतो. वकिलाचे एकेक वाक्य ऐकायचे, अर्थ लावायचा आणि धन्याच्या भाषेत सांगायचे. एम्युलेटर जुन्या प्रोग्रामची एकेक आज्ञा उचलतो, ती उलगडतो आणि तोच परिणाम साधणाऱ्या नव्या प्रोसेसरच्या अनेक आज्ञा बजावतो. शिवाय जुन्या संगणकाची डिस्क, पडदा, कीबोर्ड यांचीही हुबेहूब बतावणी करतो. एका वाक्यासाठी दहा वाक्ये बोलावी लागतात, म्हणून सारे संथ चालते. आतल्या विंडोजला मात्र आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही नसतो.

४/ येथे एक भेद ध्यानात ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकचा प्रोसेसर मुळातच एक्स८६ घराण्यातला आहे. त्याला आधुनिक विंडोज चालवायला दुभाष्या लागत नाही. मात्र १९९० च्या दशकातला अख्खा संगणक, त्याच्या साउंडकार्डासह आणि डिस्कसह, पुन्हा उभा करायचा असेल तर तिथेही डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरकडेच जावे लागते. प्रोसेसरशी भाषा जुळली तरी काळ जुळत नाही.

५/ हा प्रश्न खेळापुरता नाही, हे अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले. जानेवारी १९९५ मध्ये जेफ रोथेनबर्ग यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये इशारा दिला, की संगणकीय दस्तऐवज जपायचा तर तो वाचणारे सॉफ्टवेअरही जपले पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या यंत्राची नक्कल हा एक मार्ग आहे. २०१० साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने हेच प्रत्यक्षात आणले. सलमान रश्दी यांच्या जुन्या मॅकिन्टॉशची एम्युलेशनद्वारे उभी केलेली प्रतिकृती अभ्यासकांसमोर ठेवली. लेखकाच्या फायली त्यांच्या मूळ पडद्यावर, मूळ मांडणीत वाचता आल्या.

६/ आता आपल्या मुलखात येऊ. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथे मिळालेल्या कागदांच्या बळावर. त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढू लागले होते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचे दफ्तर होते. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाचे एक मोठे दालन याच कृष्णाकाठी उघडले.

७/ या मंडळींना कागद कुठे सापडले, हे विसरू नये. माळ्यावर, पेटाऱ्यांत, वारसांच्या घरी. घरच्या माणसांना ते वाचता येत नव्हते, म्हणून ते रद्दी ठरण्याच्या बेतात होते. संशोधकापाशी दोन गोष्टी होत्या : मोडी वाचण्याचा सराव आणि दारोदार जाण्याची तयारी. तिसरी गोष्ट होती घाई, कारण पेटाऱ्यावर वाळवीचाही हक्क होता.

८/ आमच्या काळाचा पेटारा म्हणजे फ्लॉपीचा डबा. मराठी संगणकावर कशी आली ते थोडक्यात पाहू. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे पुढे गेले. संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवायचे, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ साली ‘इस्की’ या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

९/ पुढे विंडोज आले आणि छापखान्यांतले खिळे जाऊन पेजमेकर आला. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजांवर मराठी मजकूर जुळू लागला. पण यांतल्या बहुतेक फाँटांनी देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. पडद्यावर ‘कृष्णा’ दिसे आणि फायलीत मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हांची एक अगम्य माळ असे. प्रत्येक कंपनीची माळ वेगळी. फाँट हरवला की मजकूर हरवला. आपल्या डोळ्यांदेखत मराठीने स्वतःच्या डझनभर नव्या मोडी लिप्या तयार केल्या, आणि त्यांचे वाचक पंचवीस वर्षांतच दुर्मीळ झाले.

१०/ या लिप्यांत काय लिहिले गेले? दिवाळी अंक, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, कुलवृत्तांत, नाट्यस्पर्धांच्या पुस्तिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, पाणीपुरवठा संस्थांचे ठराव, तालमींच्या कुस्ती मैदानांची हँडबिले. सोसायट्यांचे हिशेब डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये. उदारीकरणानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कऱ्हाड, विटा, तासगाव, मिरज कसे बदलत गेले, याची साधने हीच. पुढचा इतिहासकार ती मागेल तेव्हा आपण काय देणार?

११/ मोठ्या संस्थांनी आपली वाट काढली. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली छापून निघाला, आणि आज विश्वकोश युनिकोडमध्ये घरबसल्या वाचता येतो. त्यामागे शासन, संपादक मंडळ आणि निधी होता. तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या प्रेसमागे असे कोणी नाही. तिथला जुना संगणक भंगारात गेला, फ्लॉप्या खोक्यात राहिल्या आणि डीटीपी करणारा माणूस आता साठीकडे झुकला आहे.

१२/ पहिला आक्षेप येईल : फाँट कन्व्हर्टर आहेत, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, जुने विंडोज हवे कशाला? बदलून जरूर घ्यावा. पण कन्व्हर्टरला आधी कळले पाहिजे, की फाइल कोणत्या फाँटातली आहे. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, तक्ते मोडतात, पानाची मांडणी जाते. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर छापले म्हणून कोणी मूळ कागद फेकून देत नाही. शंका आली की मूळच पाहावे लागते. इथे मूळ पाहायचे तर त्या काळचा पडदा हवा, आणि तो एम्युलेटरमध्ये मिळतो.

१३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : छापील प्रत आहेच, फाइल कशाला? छापील प्रत असेल तर उत्तमच. पण छापले गेले त्याहून गाळले गेलेले कित्येकदा अधिक बोलके असते. स्मरणिकेतून वगळलेला लेख, अहवालाचा पहिला मसुदा, वर्गणीदारांची पूर्ण यादी हे सारे फायलीतच राहते. आणि छापील प्रतीचा भरवसा कृष्णाकाठच्या माणसाने तरी किती धरावा? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ भिजले. चुंबकीय तबकडी तर पूर न येताही वर्षागणिक क्षीण होत जाते.

१४/ एम्युलेशनच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. प्रोसेसरची नक्कल झाली म्हणजे जिस्ट कार्डाची झाली असे नाही. कार्डावर विसंबलेला डॉसमधला प्रोग्राम रिकाम्या एम्युलेटरमध्ये मराठी दाखवणार नाही. अनेक मराठी पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टात बसवायचे हार्डवेअर लॉक असे. लॉक नाही तर प्रोग्राम नाही. जगभरच्या हौशी मंडळींनी तिकडच्या साउंडकार्डांची तंतोतंत नक्कल केली, कारण त्यांना त्यांचे खेळ हवे होते. आपल्या कार्डाची नक्कल करायला बाहेरून कोणी येणार नाही. ते काम मराठी तरुणांचेच आहे, आणि ते यांत्रिक कमी, ऐतिहासिक अधिक आहे.

१५/ मग हे काम हातातल्या गेमिंग यंत्रावरच का, लॅपटॉपवर का नाही? लॅपटॉपवर ते सोपे आहे आणि खऱ्या कामाला तोच घ्यावा. पण शिकण्यासाठी खेळणे बरे. स्वस्त यंत्रावर रेट्रोआर्कमधून डॉसबॉक्स प्युअर चालवताना डिस्क इमेज, स्मृती, प्रोसेसरचा वेग, ड्रायव्हर अशी प्रत्येक गोष्ट हाताने जुळवावी लागते. मोडीची बाराखडी गिरवावी तशी ही जुन्या संगणकाची बाराखडी आहे. दुसरे असे, की ते खिशातून नेता येते. निवृत्त डीटीपी ऑपरेटरच्या ओसरीवर बसून त्यांच्या हातात जुना प्रोग्राम मॅनेजर ठेवला, तर ‘कोणता फाँट वापरत होता’ या एका प्रश्नाची दहा उत्तरे मिळतील.

१६/ ज्यांना प्रत्यक्ष सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी :
• फ्लॉपी सापडताच तिच्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्या आणि ती कुठे, कोणाकडे मिळाली ते लिहून ठेवा.
• साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती पट्टी उघडा. भोक आरपार दिसले की तिच्यावर काही लिहिले जाणार नाही.
• यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने आधी संपूर्ण डिस्कची इमेज घ्या, मग फायली उघडा. सव्वापाच इंची फ्लॉपीला जुनाच ड्राइव्ह लागतो.
• बुरशी दिसली तर ड्राइव्हमध्ये घालू नका, डोकेही खराब होईल आणि तबकडीही.
• इमेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नदीकाठी घर असेल तर एक नदीपासून दूर.

१७/ दोन पथ्ये. जुने विंडोज किंवा फाँट पॅकेज मोफत झालेले नाही. मालकाकडची मूळ डिस्क आणि परवाना वापरावा. नुसत्या डॉससाठी फ्रीडॉस हा खुला पर्याय आहे. आणि सोसायटीच्या हिशेबात जिवंत माणसांची कर्जे, पत्ते, सह्या असतात. ते जतन करावे, प्रसिद्ध करू नये. शंभर वर्षांपूर्वीच्या खतावणीला लागू पडणारा मोकळेपणा वीस वर्षांपूर्वीच्या खतावणीला लागू पडत नाही.

१८/ राजवाड्यांच्या ‘साधनां’चे २२ खंड निघाले. त्यांतल्या प्रत्येक कागदामागे कोणा घरमालकाने उघडलेला एक दरवाजा आहे. इतिहासप्रेम म्हणजे किल्ल्यावरचे छायाचित्र आणि जयंतीची पोस्ट, एवढ्यावर आपली पिढी समाधान मानणार असेल तर हा डबा भंगारवाल्याच्या काट्यावर जाईल. फ्लॉपीला किलोने भाव मिळतो तो प्लास्टिकचा, मजकुराचा नाही.

१९/ म्हणून विनंती एवढीच. ज्यांना गेमिंग यंत्रावर विंडोज ९५ चालवणे जमले आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीत आपल्या गावातल्या एका जुन्या प्रेसचे दार वाजवावे. ज्यांना इतिहास येतो पण यंत्र येत नाही, त्यांनी अशा मित्राला सोबत घ्यावे. गावाचे नाव, प्रेसचे साल आणि वापरलेले पॅकेज, इतकी नोंद जरी या धाग्याखाली आली, तरी सातारा-सांगलीच्या फ्लॉपी-दफ्तराची पहिली यादी तयार होईल.