त्र्यंबकेश्वराचा हिरा आणि मामींच्या कुड्या

दिवाळी अंकासाठी काय लिहावे हा प्रश्न मला दरवर्षी नवरात्रातच पडतो. यंदा तो मी रेवदंड्याला मामींच्या ओटीवर बसून सोडवायचे ठरवले. बरोबर नासक हिऱ्याविषयीची टिपणे होती. वाचकांपैकी पुष्कळांना कोहिनूर ठाऊक असतो. पण जो हिरा खरोखर आपल्या घरचा, त्याचे नावही सहसा कोणी घेत नाही. म्हटले, यंदा त्याच्यावर लिहू.

मामींनी मात्र माझ्यासाठी दुसरेच काम काढून ठेवले होते. नातीचे लग्न मार्गशीर्षात. तिला घालायच्या हिऱ्याच्या कुड्या उजळून आणायच्या होत्या. "अलिबागेला जाशील तेव्हा घेऊन जा. पोस्टातून पाठवायची वस्तू नव्हे ती," असे म्हणत त्यांनी लाल पुडी माझ्या हाती दिली. प्रत्येक कुडीत सात म्हणजे दोहोंत मिळून चौदा खडे.

हिऱ्यांवर लिहायला रेवदंडा हे गाव तसे गैर नाही. शेजारच्या चौल बंदरात 1469 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता, आणि त्या घोड्यापायी जुन्नरला त्याच्यावर भलताच प्रसंग गुदरला. पुढे तो बीदरला गेला, आणि रायचूरकडे हिरे निघतात हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. गावात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. त्या काळी आणि पुढेही अडीचशे वर्षे, म्हणजे ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत, जगाला हिरा म्हटला की हिंदुस्थानकडेच पाहावे लागे. आमच्या मामींच्या वाडीमागची पोर्तुगीज तटबंदी, जिच्यावर आता वडाची मुळे लोंबतात, ती असल्याच व्यापारावर उभी राहिली. 1740 साली ती मराठ्यांच्या हाती आली.

नासक हिराही गोवळकोंड्याकडच्या खाणींतलाच मानतात. 'नासक' म्हणजे आपले नाशिक; साहेबाच्या जिभेवर ते तसे झाले. हा हिरा त्र्यंबकेश्वराचा. इंग्रज-मराठ्यांच्या अखेरच्या युद्धात, 1818 साली, दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिराबरोबर तो कर्नल ब्रिग्जच्या हाती पडला आणि त्याने तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे पोचता केला. दख्खनच्या या लुटीत कोणाचा वाटा किती यावरून पुढे इंग्लंडात वर्षानुवर्षे वाद चालले होते. लूट करावी आणि हिशेब मात्र चोख असावा, ही त्या लोकांची मोठी शिस्त!

हिरा लंडनच्या बाजारात गेला तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरटांच्या आसपास होते. तीन हजार पौंडांना तो रंडेल आणि ब्रिज या पेढीने घेतला. आपले कारागीर हिऱ्याला पैलू पाडत तेव्हा त्यांचा डोळा वजनावर असे. दगड शक्य तेवढा मोठा राहावा, लकाकी थोडी कमी झाली तरी चालेल. विलायतेची आवड उलटी. त्या पेढीने तो पुन्हा घासून घेतला आणि हिरा साडेअठ्ठ्याहत्तर कॅरटांवर आला. 1837 साली वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने लिलावात 7200 पौंड मोजून तो घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. जो शंकराच्या देवळात होता, तो असा एका सरदाराच्या कमरेला लटकू लागला.

कोहिनूरचेही तेच झाले. 1849 साली दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो तहाने काढून घेतला, आणि 1852 साली घासून 186 कॅरटांचा साधारण 106 कॅरटांचा केला. 2023 च्या राज्यारोहणात राणी कॅमिला यांच्या मुकुटात तो नव्हता. वाद नको म्हणून टाळला असावा असा सर्वांनी तर्क केला. नासकच्या वाट्याला तेवढासुद्धा वाद कधी आला नाही.

त्याच्या चरित्रातला मला सर्वांत आवडलेला भाग अमेरिकेतला आहे. 1927 साली पॅरिसच्या मोबूसाँ या जवाहिऱ्याने तो तिकडे नेला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आहे, सबब जकात माफ व्हावी, असे त्याचे म्हणणे. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने ते मानले. वरच्या कोर्टाने 1930 साली फिरवले आणि पैलू पाडलेल्या कोणत्याही सुट्या हिऱ्यासारखी वीस टक्के जकात लावली. देऊळ, पेशवाई, लढाई, मार्क्विस यांतल्या कशाचीही सूट मिळाली नाही.

मग 1940 साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे तो आला आणि पुन्हा चाकावर चढला. उरले 43.38 कॅरट. 1970 साली न्यू यॉर्कच्या लिलावात मालमोटारींचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने पाच लाख डॉलरना तो घेतला, आणि काही वर्षांनी तो लेबनॉनच्या रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला.

हे सगळे मी रात्री मामींना वाचून दाखवले. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. एवढेच म्हणाल्या, "निम्मा घासून काढला. मग त्यात आता देवाचं काय राहिलं रे?"

मला उत्तर सुचेना. टिपणे मिटली.

दुसऱ्या दिवशी अलिबागेस गेलो. सोनाराने कुड्या भिंगाखाली धरल्या. मग पेन्सिलीएवढे एक यंत्र काढून एकेका खड्याला टेकवले. कुठे ते वाजे, कुठे वाजत नसे. खाली मान घालूनच तो म्हणाला, "सर, यात पाच खरे आहेत. बाकीचे नऊ अमेरिकन डायमंड."

नासक अमेरिकेला गेला आणि अमेरिकन डायमंड रेवदंड्याला आले, असा विनोद मला तेव्हाही सुचला, हे कबूल करतो. पण घाम फुटला होता. कोणी बदलले? कधी? आणि लग्न तोंडावर आलेले असताना एका ऐंशीच्या बाईला हे सांगायचे कसे? येताना बसमध्ये मी तीन-चार वाक्ये जुळवली. खाडीवरचा वारा लागला तेव्हा त्यांतले एकही लक्षात राहिले नव्हते.

मामींनी पुडी उघडून पाहिली. "छान उजळल्या की!" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "त्यानं सांगितलं वाटतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच तर काढले. तीन तुझ्या मामांच्या ऑपरेशनला. दोन थोरलीच्या लग्नात. एक विहिरीच्या पंपाला. निसर्ग वादळात कौलं उडाली, बागेतल्या सुपाऱ्या झोपल्या, तेव्हा दोन." वादळ 3 जून 2020 चे. त्या बोटे मोजत होत्या. "आठ झाले ना? नववा तुझ्या एम.ए.ला."

पुण्याची फी आणि खोलीचे भाडे मामांनी 'बागेच्या पैशातून' भरल्याचे मला सांगितले होते. वीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवतो आहे, ते या खड्यावर.

मी म्हणालो, "मामी, तो एक तरी मी खरा बसवून देतो."

"नको. तो कामाला गेला. त्याला कशाला परत बोलावतोस?"

"मग नातीला काय सांगायचं?"

"जे आहे ते."

संध्याकाळी नात आली. मामींनी तिला सगळे सांगितले, माझ्या एम.ए.सुद्धा. मी उगाचच दिव्यांत तेल घालत बसलो होतो. पोरगी रागावेल असे मला वाटले होते. सासरी कोणी यंत्र टेकवून पाहिले तर, हा विचार माझ्याच मनात दहा वेळा येऊन गेला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने माझ्यापुढची सोनाराची पावती ओढून उलटी केली, तिच्यावर पेनाने सात आणि सात अशी टिंबे काढली आणि म्हणाली, "आजी, कुठला खडा कशाचा ते नीट सांग. मी लिहून घेते."

मामी चष्मा शोधायला उठल्या. माझा खडा डाव्या कुडीतला, वरून दुसरा.