बैलाच्या झुलीवरचं पदक

आबा गेले तेव्हा दहाव्याला आलेल्या निम्म्या पाहुण्यांनी एकच गोष्ट ऐकवली. 'वरून हसायचे हो, पण आत लई काही साठलेलं असणार.' फौजी माणूस, त्यात लढाई बघितलेला, म्हणजे आत काहीतरी साठलेलं असणारच, असा आपला ठरलेला हिशेब. मला तो पटत नाही. आबा हसायचे, कारण त्यांना हसू यायचं. मौजी माणसाला निव्वळ मौजी असू द्यायला आपल्याला का जड जातं, कोण जाणे.

साताऱ्या-कोल्हापुराकडं गावंच्या गावं पलटणीची. अहमदपूरकडच्या आमच्या गावात मात्र फौजी म्हणजे नवल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. पलटणीत जायची वहिवाट इकडं पडलेलीच नव्हती. चीनच्या लढाईनंतर आबा बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झाले. देशासाठी गेलात का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, 'देशासाठी नंतर. आधी कुणीतरी सांगितलं होतं, तिथं मटण मिळतं.' त्यांच्या कागदांवर शेवटपर्यंत जिल्हा उस्मानाबाद होता. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, तोवर ते पेन्शनीत निघालेले. 'मी एका जिल्ह्यातून गेलो आन् दुसऱ्यात परत आलो, घर मात्र जागचं हललं नाही,' हे ते प्रत्येक सरकारी बाबूला ऐकवायचे.

१९७१ला ते पहिल्या मराठात, जंगी पलटणीत होते, पूर्वेच्या आघाडीवर. जमालपूरची गोष्ट आम्हा पोरांना तोंडपाठ होती. ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या या गावात पाकिस्तानची बलुच पलटण ठाण मांडून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेरांनी मुक्तिवाहिनीच्या माणसाबरोबर चिठ्ठी धाडली, शरण या म्हणून. समोरच्या कर्नल सुलतान महमूदनं उत्तर पाठवलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. 'आपण पत्रिकेत अक्षता घालतो, तशी,' आबा म्हणायचे. 'लग्नाला या, असं सांगणं होतं ते.' १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली आणि मागं वाट अडवून बसलेल्या मराठ्यांच्या तोंडावर आली. ११ तारखेला जमालपूर पडलं, १६ला ढाका.

पण या गोष्टीत आबांचा जीव अडकलेला असायचा तो बैलांपाशी. नदीपलीकडं गाड्या न्यायची सोय नव्हती. तिथल्या गावकऱ्यांनी बैलगाड्या आणून दिल्या, दारूगोळा त्यांवर लादला, आणि गाडी कोणाला हाकता येते म्हणून विचारणा झाली. आबा पुढं झाले. अडचण एवढीच की बंगाली बैलांना अहमदपूरची भाषा कळेना. हाऽर म्हटलं की थांबायचे, थांब म्हटलं की चालायचे. मग एका बंगाली पोराला शेजारी बसवलं. तो बैलांशी बोलायचा, आबा शेपटी पिरगाळायचे. 'सरकारनं बंदूक शिकवायला एवढा खर्च केला,' ते म्हणायचे, 'आन् कामाला आलं बापानं फुकट शिकवलेलं.'

त्या लढाईचं 'पूर्वी स्टार' पदक त्यांना मिळालं. आबांच्या काळ्या ट्रंकेत ते एका मोज्यात असायचं. वर्षातून एकदाच बाहेर निघायचं, पोळ्याला. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल पांघरून झाली की आबा मोजा उलटा करायचे, पदक धोतराला पुसायचे आणि डाव्या बैलाच्या झुलीवर टाचायचे. मग दोन पावलं मागं सरून कडक सॅल्यूट. मिरवणूक मारुतीच्या देवळापुढं आली की गावातले एक निवृत्त गुरुजी हमखास संतापायचे. राष्ट्राचा अपमान आहे हा! आबा शांतपणे सांगायचे, 'गुरुजी, तिकडं ओझं यांच्याच जातभाईंनी वाहिलं. मी नुसता मागं बसलो होतो.' पदकाचा याहून मोठा मान मी अजून पाहिलेला नाही. गुरुजींना ते पटलं नाही ते नाहीच.

११ तारखेच्या पहाटे भाताच्या खाचरांत काय दिसलं, तेही आबांनी सांगितलं होतं. आपल्याच वयाची पोरं होती समोरची, असं. रडले नाहीत, थट्टाही केली नाही. विचारलं म्हणून सांगितलं. पुन्हा आम्हीच कधी विचारलं नाही. लपवालपवी असलीच तर आमच्या बाजूनं होती.

घरात मात्र छावणीचा कायदा. रात्री दाराची कडी वाजली की आतून आवाज यायचा, 'थम! कौन आता है?' आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. शब्द रोज बदलायचा, पण तो भाजीचाच असायचा. शेपू, चुका, अंबाडी, करडई. जावई चुक्याला पालक म्हणाले म्हणून बराच वेळ ओसरीखाली उभे होते. आजी एकदा भजनाहून उशिरा आली. 'कौन आता है?' तिनं बाहेरूनच सांगितलं, 'तुमची भाकरी.' दार लगेच उघडलं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सारा लातूर जिल्हा शेतात असतो. शहरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. आबा कडब्याच्या खोपीत पूजेला मांडलेल्या पांडवांपुढं बसायचे, भज्जी आणि उंडे चेपायचे, आंबिलाचे तांबे रिचवायचे. मग डोळे माळेगावकडं लागायचे. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा येळवशीच्या आदल्या दिवशी सुरू होते, म्हणजे सोय देवानंच केलेली. घोड्यांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव चालायचा. आबा तासन् तास बोटं दाबत बसायचे, हजारभरावर सौदा अडवायचे आणि उठून जायचे. घोडा घ्यायचा नव्हताच कधी. घोडेवाल्यांनाही ते ठाऊक असावं, कारण पुढच्या साली तेच हाक मारून बोलवायचे. रात्री लावणीचा फड. सकाळी आजी विचारायची, 'कुठं होता?' 'ड्युटीवर.'

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली. आदल्याच दिवशी गणपती बुडवून लोक निजलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. गावातून ट्रक निघाला, त्यात टिकाव-फावडी घेऊन आबा होते. जवानांबरोबर त्यांनी ढिगारे उपसले. नंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, तरी आबांच्या चकरा थांबल्या नाहीत. तिथल्या पोरांची ते उलटी कवायत घ्यायचे. 'दाहिने मुड' म्हटलं की डावीकडं वळायचं, जो हुकूम ऐकेल तो बाद. पोरं खिदळायची. मदतीला आलेल्या एका बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ही वेळ नव्हे. आबा म्हणाले, 'मग वेळ कव्हा असते, तेवढं सांगा.' बाई दुसऱ्या दिवशी कवायतीत उभ्या होत्या आणि पहिल्याच हुकमाला बाद झाल्या.

म्हातारपणी ते आमच्याकडं नांदेडला आले. हल्लाबोलच्या मिरवणुकीत तलवारी घेऊन धावणारे शीख बघायला त्यांना फार आवडायचं. गुरुद्वाऱ्यापाशी निवृत्त शीख फौजी गाठायचे, तोडक्या पंजाबीत शिव्यांची देवघेव करायचे आणि लंगरला जेवूनच परतायचे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाणं हा त्यांचा वार्षिक सण. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे ते दिवेलागणीला यायचे. एकदा मी सोबत गेलो. अंगठ्याच्या मशीनवर त्यांचा झिजलेला अंगठा उमटेना. क्लार्क म्हणाला, 'आजोबा, मशीन तुम्हाला ओळखत नाही.' आबा म्हणाले, 'अख्ख्या बलुच पलटणीला जमलं नाही, ते तुझ्या मशीननं करून दाखवलं!' अर्धी बँक हसली. शेवटी कागदावर सही घेतली, काम झालं. मग मला घेऊन ते मटणाच्या खानावळीत गेले, तिथून सिनेमाला, तिथून जिलेबीला. डॉक्टरांनी यातलं निम्मं बंद केलं होतं. 'घरी सांगायचं, रांग होती.'

आता पेन्शन आजीच्या नावावर आहे. पहिल्या नोव्हेंबरात मी तिला त्याच खिडकीवर नेलं. तिचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. ती खुर्चीतून उठेना. 'एवढंच? ह्यांना तर आख्खा दिवस लागायचा.'

क्लार्कनं माझ्याकडं बघितलं. 'त्यांचा अंगठा लागत नव्हता ना, आजी,' तो म्हणाला. 'आणि रांगही फार असायची.'