शिंप्यांच्या पोरांचा सुपरमॅन

निळ्या कपड्यावर तांबडा शेला टाकून आकाशांत उडणारा सुपरमॅन आमच्या खेड्यांतल्या पोरांसही ठाऊक आहे. पाढे म्हणतांना अडखळणारें पोर त्याच्या छातीवरचें अक्षर पाटीवर बिनचूक काढतें. पण हा वीर कोणाच्या घरीं जन्मला, हें विचारलें तर मोठीं माणसेंही गप्प बसतात.

हा वीर कापडवाल्यांच्या आणि शिंप्यांच्या घरचा आहे, व तीं घरें यहुदी होतीं. वाचकहो, यहुदी म्हणजे कोणी अगदींच परके लोक असें समजूं नका. आतांच्या रायगड जिल्ह्यांत तेलाचे घाणे चालवून शनिवारीं ते बंद ठेवणारे, आणि म्हणूनच शनवार तेली म्हणविले जाणारे बेने इस्राएल हे यहुदीच. पेणकर, रोहेकर हीं त्यांचीं आडनांवें. त्यांतले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलांत गेले. युरोपांतल्या यहुद्यांवर मात्र दंगलींत घरें जळण्याची पाळी आली, आणि त्यांतले लक्षावधि लोक गांवें सोडून अमेरिकेस गेले.

जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर हे अशाच दोन घरांतले. दोघेही १९१४ सालीं जन्मले. सीगलचे आईबाप लिथुआनियाकडचे. बाप क्लीव्हलंड शहरांत जुन्या कपड्यांचें दुकान चालवी. १९३२ सालीं दुकानांत चोर शिरले व त्या धक्क्यानें तो तेथेंच कोसळून मेला. शुस्टरचा बाप शिंपी. पोराला चित्रें काढायला कोरा कागद मिळेना, म्हणून तो भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर काढी. बाप गेल्यावर सहा वर्षांनीं सीगलच्या लेखणींतून बंदुकीची गोळी ज्याला लागत नाहीं असा वीर छापून आला. या दोहोंचा संबंध कोणी लावो न लावो. बाप मेलेल्या पोराला तो समजावून सांगावा लागत नाहीं.

आणखीही नांवें आहेत. जॅक कर्बी हा मूळचा जेकब कुर्ट्झबर्ग. बाप कपड्यांच्या कारखान्यांत राबणारा. स्टॅन ली हा मूळचा स्टॅन्ली लीबर. बाप कपडे बेतणारा. बॅटमॅन काढणारा बॉब केन हा मूळचा रॉबर्ट कान. हीं सगळीं पोरें याच धंद्यांत कां शिरलीं? मोठ्या मासिकांचीं व जाहिरातींचीं दारें यहुदी पोरांस सहसा उघडत नसत. दहा सेंटांचीं चित्रपुस्तकें हलकें काम समजत, तेव्हां तेथें आडनांव विचारणारें कोणी नव्हतें. तरीही त्यांनीं आडनांवें बदललींच!

पंडित मंडळी म्हणतात, सुपरमॅन म्हणजे टोपलींतून सोडलेला मोशे. त्याचें जन्मनांव काल-एल, आणि हिब्रू भाषेंत एल म्हणजे देव! आम्हांस हें पटत नाहीं. १९३९ च्या चित्रकथेंत तें नांव नुसतें काल-ल असें होतें; एल हें रूप १९४२ सालीं जॉर्ज लोथर या दुसऱ्याच लेखकाच्या पुस्तकांत आलें. खरी खूण चष्म्यांत आहे. ऑफिसांत तो मवाळ, अडखळणारा क्लार्क केंट, आणि आंत दुसराच कोणी. घरचें नांव एक व बाहेरचें दुसरें, असें ज्यांना जगावें लागलें त्यांनाच हा माणूस सुचावा. देवळांत शोधण्यापेक्षां हजेरीपटांत शोधा.

मात्र नाझींस मूळ बरोबर कळलें होतें. १९४० च्या एप्रिलांत त्यांच्या एसएस दलाच्या साप्ताहिकानें सीगलचें यहुदी असणें काढून त्याची टर उडविली. त्याच डिसेंबरांत कर्बी व ज्यो सायमन यांच्या कॅप्टन अमेरिकेचें पहिलें पुस्तक विकावयास आलें. मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा! अमेरिका युद्धांत उतरण्यास अजून वर्ष होतें. सरकारें विचार करीत होतीं, तेव्हां कारखान्यांतल्या मजुराच्या पोरानें पेन्सिलीनें मारलें.

पण वीरानें स्वतःस यहुदी म्हणवून घेण्यास फार काळ लागला. कर्बी आणि ली यांचा दगडी अंगाचा बेन ग्रिम १९६१ सालीं जन्मला. तो यहुदी आहे हें कथेंत २००२ सालीं सांगितलें गेलें. एक्केचाळीस वर्षें!

आतां दामाची गोष्ट. १९३८ सालीं सीगल व शुस्टर यांनीं तेरा पानांचे १३० डॉलर घेऊन सुपरमॅनचे सारे हक्क लिहून दिले. घेणारे डोनेनफेल्ड व लीबोविट्झ हेही यहुदीच, हेही परदेशांतून आलेल्या घरांतले. जात एक म्हणून ताट एक होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. पुढें दोघांनीं कोर्टांत धाव घेतली. थोडी रक्कम मिळाली, नांव मात्र पानावरून गेलें. १९७५ सालीं वर्तमानपत्रांत बोंब झाल्यावर कंपनीनें प्रत्येकास सालीना २०,००० डॉलर देऊं केले व नांवें परत छापलीं. तोंवर शुस्टरची दृष्टि जवळजवळ गेली होती. बॅटमॅन घडविणारा बिल फिंगर तर १९७४ सालींच मेला. त्याचें नांव केनच्या नांवाशेजारीं अधिकृतपणें यावयास २०१५ साल उजाडावें लागलें.

हें लिहिण्याचें कारण आमच्याच वर्गांत घडलें. एका मुलानें बापाच्या धंद्यापुढें ‘व्यापार’ असें लिहिलें. बाप वेशीजवळ शिवणयंत्र घेऊन बसतो, हें आम्हांस ठाऊक. आम्हीं खोडलें नाहीं. दुपारीं सगळ्या वर्गास ही हकीगत सांगितली. पोरगा बराच वेळ बोटें मोजीत बसला. मग म्हणाला, “गुरुजी, म्हणजे पानामागें दहाच? आमचे बाबाही सदऱ्यामागेंच घेतात. पण एक सदरा एकदांच विकला जातो.”