विषाला औषध म्हणणं बंद करा!



सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या केळीबागांत आपले पावरा, तडवी, भिल भाऊ-बहीण रोजाने जातात. आता आपल्याही वनजमिनीवर, जिथे विहिरीला पाणी लागलं तिथे केळी उभी राहिली. केळीमागून मावा आला, खोडात सोंडकिडा आला, आणि पाठोपाठ दुकानदाराची उधारीची वही आली.

दुकानात विष देतात आणि त्याला औषध म्हणतात. मागच्या साली मी एका बागेत पाठीवर पंप घेतला. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. दुपारपर्यंत तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यापुढे अंधारी, मग उलट्या. मालक म्हणाला, "उपाशी आला असशील." 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर मेले. तेव्हाही दोष मरणाऱ्यांच्याच माथी मारला गेला.

खरं औषध आपल्या दारात आहे. वाळलेली निंबोळी 5 किलो कुटा, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, 200 ग्रॅम साबण विरघळवा आणि एकूण 100 लिटर पाणी करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. पोंग्यात आणि पानाच्या देठापाशी नीट मारा, मावा तिथेच लपतो.

"पाल्या-बियांनी काय होतं?" असं आपलेच काहीजण हसतात. त्यांना सरळ सांगतो. निंबोळीने कीड पटकन मरत नाही. तिचं खाणं तुटतं, वाढ थांबते, म्हणून वेळेवर आणि पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. माव्याने आणलेला पर्णगुच्छ रोग एकदा झाडात शिरला की कशानेच बरा होत नाही, दुकानातल्या बाटलीनेही नाही. ते झाड गड्ड्यासकट उपटून नष्ट करा. सोंडकिड्यासाठी कापलेल्या खोडाचे उभे तुकडे चिरून, चिरलेली बाजू खाली करून बागेत ठेवा. भुंगे तिथे जमतात, रोज वेचून मारा. याला पैसा लागत नाही, हात लागतात. हात आपल्याकडे आहेत.

कोणी म्हणेल, हा शेतीचा विषय, लढ्याच्या पत्रकात कशाला? अरे, हाच तर जमिनीचा विषय! करंज, निरगुडी, निंबोळी आणायला गेलं की गार्ड पाटी हिसकावतो. आपल्याच झाडाखालून रिकाम्या हाताने परतलेला माणूस मग उधारीच्या दुकानात जातो. आणि बाहेर काय चाललं होतं? कडुनिंबाच्या तेलाने बुरशी मारायची पद्धत आमचीच, असं म्हणत एका अमेरिकी कंपनीने आणि तिथल्या सरकारी खात्याने 1994 साली युरोपात पेटंट घेतलं होतं. इथल्या लोकांनी लढून ते 2000 साली रद्द करवलं. झाडाची किंमत त्यांना कळते, आपल्याला कधी कळणार?

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आपल्याला दिला आहे. आपल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्कही त्यात लिहिला आहे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

म्हणून निंबोळी पडायच्या आत पाड्यापाड्यात ग्रामसभा घ्या. सामूहिक दावा अडकला असेल तर त्याचा जाब विचारा. निंबोळी व्यापाऱ्याला मातीमोल विकू नका, आधी गावाची गरज भागवा. आणि मजुरीला जाणाऱ्यांनो, हातमोजे आणि तोंडाला फडकं मिळाल्याशिवाय पंपाला हात लावू नका.

जंगल आपलं, झाड आपलं, औषधही आपलंच!