दोन जीव, दोन गाद्या

जुळी झाली की घरात आधी नावांवर चर्चा होते, मग कोण कुणासारखं दिसतं यावर. ती झोपणार कुठे यावर मात्र चर्चा होत नाही, कारण उत्तर प्रत्येकाकडे तयारच असतं. आजी म्हणते झोळी बांधा. पुण्यातला जावई ऑनलाइन जुळ्यांचा पाळणा बघून ठेवतो, कडेनं मऊ गादीची झालर असलेला. शेजारच्या काकू म्हणतात, पोटात एकत्र होती ना, मग आता कशाला वेगळी करताय?

माझं मत या तिघांपेक्षा वेगळं आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. आईच्याच खोलीत, तिचा हात पोचेल इतक्या अंतरावर, दोन वेगवेगळ्या सपाट आणि घट्ट जागा. उशी नाही, झालर नाही, झोळी नाही. आता हे असं का, याची फोड करतो.

विषय डोक्यात आला कारण माझ्या मावसबहिणीला यंदा जुळं झालं. तिचं माहेर इगतपुरी. बाळं पस्तिसाव्या आठवड्यात आली, एक १ किलो ९०० ग्रॅम, दुसरं २ किलो १००. नाशिकच्या हॉस्पिटलमधून घरी आली ती ऐन जुलैमध्ये. आपण मुंबई-पुण्याची मंडळी इगतपुरीला वीकेंडला धबधबे बघायला जातो, भज्या खातो आणि रविवारी रात्री परत येतो. तिथे राहणाऱ्यांचा जुलै वेगळा असतो. घाटमाथ्यावरचं, साधारण ६०० मीटर उंचीवरचं गाव. दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, दुपटी वाळत नाहीत, आणि मध्यरात्री लाइट गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. 'बाळाला कसं झोपवावं' याच्या इंग्रजी याद्या ज्या घरांसाठी लिहिल्यात, ती हीटर लावलेली कोरडी घरं असतात. त्यामुळे यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही. ती का लिहिली ते समजून घ्यावं लागतं.

आधी काकूंचा मुद्दा. पोटात एकत्र होती हे खरंच. पण पोटात ती नाकानं श्वास घेत नव्हती. ऑक्सिजन नाळेतून मिळत होता. एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडावर आला तरी काही बिघडत नव्हतं. जन्मानंतर सगळा कारभार नाक आणि एका अरुंद श्वासनलिकेवर चालतो. इतक्या लहान बाळाला तोंडावर आलेला हात स्वतःहून बाजूला सारता येत नाही, मानही नीट वळवता येत नाही. म्हणजे परिस्थितीच बदलली, आणि जुना युक्तिवाद नव्या परिस्थितीला लावून चालणार नाही.

१९९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात मुदतीआधी जन्मलेल्या जुळ्या मुलींना एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवलं होतं. एकीनं दुसरीवर हात टाकलाय असा तो फोटो. ईमेल फॉरवर्डच्या जमान्यात तो तुमच्याही इनबॉक्समध्ये आला असेल. फोटो गोड आहे, वाद नाही. पण त्या इन्क्युबेटरला मॉनिटर जोडलेला होता आणि शेजारी नर्स जागी होती. आपल्या घरी रात्री तीन वाजता यातलं काहीच नसतं.

या बाबतीत तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत, तेही सांगायला हवेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, जुळ्यांनाही प्रत्येकी वेगळी जागा हवी. ब्रिटनमधली लल्लबाय ट्रस्ट म्हणते, अगदी लहान असताना दोघं एका मोठ्या कॉटमध्ये चालतील, पण पाठीवर, शेजारी शेजारी किंवा कॉटच्या दोन विरुद्ध टोकांना पाय टेकवून. आणि कूस बदलायला लागली की वेगळी करा. मी पहिल्या मताच्या बाजूनं आहे, कारण ब्रिटिश सल्ल्यातली 'एक जागा' म्हणजे मोठी, सपाट, कडक गादीची कॉट. आपल्याकडे 'एकत्र' म्हटलं की एक झोळी किंवा एक टोपली. शब्द तोच, वस्तू वेगळी.

आता झोळी. झोळीवर माझा राग नाही. आपल्यापैकी निम्मे लोक झोळीतच वाढलेत, आणि शेतावर काम करणाऱ्या बाईला झाडाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याइतकी सोय दुसऱ्या कशानंच दिली नाही. पण झोळीचा आकार बघा. कापड मधोमध खाली जातं, बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान लुळी. मान पुढे दुमडली की श्वासनलिका चेपते, मऊ प्लॅस्टिकची नळी वाकवल्यासारखी. बाळ त्यावर रडत नाही, उलट शांत होतं, आणि आपल्याला वाटतं छान झोप लागली. मुदतीआधी आलेल्या बाळात हा धोका आणखी जास्त. झोळीत दोघं ठेवली तर गुरुत्वाकर्षण आपलं काम करणारच: दोघंही मध्याकडे घसरतात, एकमेकांच्या तोंडाशी.

ही फक्त देशी भानगड नाही. झोळीसारखाच टांगता, स्प्रिंगवर हलणारा एक ब्रँडेड बेड अमेरिकेत विकला जात होता. दोन बाळं दगावल्यावर डिसेंबर २००९ मध्ये असे सुमारे २४ हजार बेड परत मागवले गेले. एप्रिल २०१९ मध्ये फिशर-प्राइसनं आपला तिरका 'रॉक अँड प्ले' परत मागवला. २०२२ च्या कायद्यानं तिथे १० अंशांपेक्षा जास्त तिरक्या झोपण्याच्या वस्तू आणि पाळण्याच्या कडेच्या गुबगुबीत झालरी, दोन्हींवर बंदी आली. म्हणजे आजीची झोळी आणि जावयाची झालर, दोघंही एकाच परीक्षेत नापास. जुनं विरुद्ध नवं असा हा सामना नाहीच. सपाट आणि मोकळं ते पास, खोलगट आणि गुबगुबीत ते नापास, मग ते लुगड्याचं असो नाहीतर दहा हजारांचं.

पाठीवर झोपवण्याबद्दल घरात हमखास येणारी शंका म्हणजे दूध बाहेर आलं तर ठसका लागेल. गंमत म्हणजे शरीररचना उलट सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं असताना हेच उलटं होतं. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीला आणि अमेरिकेत १९९४ मध्ये 'पाठीवर झोपवा' अशा मोहिमा सुरू झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले झोपेतले अचानक बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. कुठलंही नवं औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळ उलटं ठेवायचं ते सुलटं ठेवलं. इतका स्वस्त उपाय आमच्या क्षेत्रातही क्वचितच सापडतो! डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. बाळ जागं असताना, आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं ठेवलं की ते काम होतं.

आता खरा अवघड भाग, थंडी. परदेशी सल्ला सांगतो: बाळाला उकडू देऊ नका, घरात टोपडं नको, सैल पांघरूण नको. हे बरोबरच आहे. पण दोन किलोच्या बाळाला इगतपुरीच्या ओल्या रात्री दुसराही धोका असतो, अंग गार पडण्याचा. भारतात नवजात मृत्यूंच्या कारणांमध्ये अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग आणि जन्मताना गुदमरणं ही वरची नावं आहेत. कमी वजनाचं बाळ गार पडलं की त्याची सगळी शक्ती ऊब राखण्यात जाते, दूध ओढायला उरत नाही.

यावर महाराष्ट्रातच मोठं काम झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. ऊब राखणं हा त्यातला एक साधा, ठळक भाग होता. पुढे २०११ पासून हीच कल्पना आशाताईंच्या गृहभेटींत देशभर आली. हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा आणि घड्याळ असतं. त्यांना चहा विचारा आणि हा लेख बाजूला ठेवून त्यांचं ऐका.

ऊब आणि मोकळा श्वास या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? ऊब अंगातल्या कपड्यांतून द्यायची, अंगावर टाकलेल्या पांघरुणातून नाही. सुती झबलं, त्यावर लोकरी, पायमोजे, आणि घट्ट न होणारी बाह्यांची झोपायची पिशवी. गोधडी घडी घालून गादीच्या खाली, वर नाही. वजन अडीच किलोच्या आत आणि खोली गार असेल तर डोक्याला बेताचं बसणारं टोपडं घालायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पण झोपेत सैल कुंची नको, ती सरकून तोंडावर येते. तपासायला हात पुरतो. पोट गरम आणि तळपाय गरम, म्हणजे ठीक. पोट गरम, तळपाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, म्हणजे लगेच छातीशी घ्या आणि डॉक्टरांना गाठा. मानेला घाम असेल तर एक थर कमी करा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको, धुरीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धूर या बाळांच्या फुप्फुसांचा शत्रू. शेगडीपेक्षा चांगला हीटर घरातच आहे, तो म्हणजे माणूस. कांगारू पद्धतीत बाळ उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून हे सुरू झालं, आणि आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या सर्व बाळांसाठी त्याची शिफारस करते. जुळ्यांना छात्या दोन लागतात. दुसरी बापाची का नको? फक्त छातीवर बाळ घेतलेला माणूस जागा हवा, किंवा त्याच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी जागं हवं.

जागेबद्दल थोडं. आपली कापसाची, घट्ट भरलेली गादी खरं तर उत्तम. परदेशी मऊ मॅट्रेसपेक्षा सरस. उन्हाळ्यात जमिनीवर घातली तर पडण्याची भीतीही नाही. पण पावसाळ्यात इगतपुरीच्या फरशीवर ओल असते, गोम-विंचू निघतात. म्हणून तिथे दोन साध्या लाकडी कॉट, किंवा सपाट तळाचे, झोका बंद करता येईल असे दोन लाकडी पाळणे. गजांमधली फट ६ सेंटिमीटरच्या आत हवी. शीतपेयाचा नेहमीचा कॅन त्यातून आत गेला तर ती जास्त आहे. मच्छरदाणी हवीच, पण ताणून, बाळाच्या हाताला न लागणारी. जुळ्यांच्या नावावर विकला जाणारा महागडा पाळणा घेण्याऐवजी गावच्या सुताराकडून दोन कॉट करून घेतल्या तर पैसेही वाचतील.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती. दिवसाला प्रत्येकी किमान आठ वेळा दूध, दोन बाळं, प्रत्येक वेळी अर्धा तास. हे झाले आठ तास. शी-शू, ढेकर, रडणं वेगळंच. ही एका माणसाची पूर्ण शिफ्ट आहे, आणि सुट्टी नाही. आईला कधीतरी बाळ कुशीत असताना डोळा लागणार, हे गृहीतच धरायला हवं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत तसा डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं. कमी वजनाच्या आणि मुदतीआधीच्या बाळांना तर एरवीही मोठ्यांच्या अंथरुणात झोपवू नये असं सगळेच सांगतात, आणि जुळी बहुतेक वेळा याच गटात येतात. तेव्हा दोन कॉट घेतल्या पण रात्री बाळाला परत कॉटमध्ये ठेवायला कुणी जागंच नसेल, तर त्या कॉट दुपट्यांची रास ठेवायच्या कामाच्या.

म्हणून माझ्या मते सुरक्षित झोपेचा पहिला निर्णय हा रात्रीच्या पाळ्यांचा. आपल्याकडे बाळंतीण माहेरी आणि बाप पुण्यात लॅपटॉपसमोर, ही व्यवस्था एका बाळापुरती कशीबशी चालते. दोन बाळांना ती पुरत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं आलेली २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा एकाला जेवढी, जुळ्यांना तेवढीच. बापाला खासगी नोकरीत कायद्यानं रजाच नाही, कंपनी देईल ती. पण आमच्या धंद्यातल्या किती जणांना घरून काम करता येतं! परदेशातल्या क्लायंटशी रात्री एकपर्यंत कॉल करायची सवय आहेच. ते जागरण इगतपुरीत करा, आणि एकपर्यंतची पाळी तुमची. मग पहाटे चारपर्यंत आजी, पुढे मामा किंवा मावशी. आई फक्त पाजायला उठेल. पाजून झालं की जागा असलेला माणूस बाळ घेईल, ढेकर काढेल आणि ज्याच्या त्याच्या गादीवर पाठीवर ठेवेल.

आजींना हे पटवायला गुगल नको. त्यांची जुळ्यांबद्दलची काळजी आपल्यापेक्षा कमी नाही. बारशाला पाळणा सजवा, गाणी म्हणा, हवे तेवढे फोटो काढा. कार्यक्रम संपला, बाळं पेंगली, की दोघांना दोन सपाट गाद्यांवर ठेवा. आणि भिंतीवर पाळ्यांचा कागद चिकटवा, त्यात सगळ्यात वर जावयाचं नाव :-)