संच फोडणाऱ्यांनो, हात आवरा!

भोपाळच्या सोनागिरी भागात माझे एक मराठी स्नेही राहतात. जुनी लष्करी पदके जमवणे हा त्यांचा नाद. मध्यंतरी त्यांनी कळवले की एका जुन्या सामानवाल्याकडून त्यांना १९४७चे जनरल सर्व्हिस मेडल मिळाले आहे आणि त्याच्या फितीवर 'गोवा १९६१'ची पट्टी आहे. 'तुमच्या गोव्याचे आहे, म्हणून सांगितले,' असे वर म्हणाले. बाकीची मेडले कुठे, म्हणून विचारले तर उत्तर आले की ती विकणाऱ्याने आधीच वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना देऊन टाकली होती. सुटी विकली की पैसे जास्त येतात म्हणे!

आपल्यापैकी किती गोंयकारांना ठाऊक आहे की गोवा मुक्तीसाठी वेगळे युद्धपदक निघालेच नव्हते? जे पदक १९४७-४८च्या काश्मीर युद्धातल्या जवानांना मिळाले, तेच १९६१लाही दिले गेले. फरक फक्त फितीवरच्या पट्टीचा. ज्याच्याकडे काश्मीरची पट्टी आधीच होती, त्याच्या त्याच मेडलवर गोव्याची दुसरी पट्टी चढली. पदकाच्या दर्शनी बाजूवर तेजोवलयातली भवानी तलवार आहे, हेही इथे सांगून ठेवतो. उठता-बसता शिवरायांचे नाव घेणाऱ्या आमच्या लोकांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

आता एका पलटणीचा प्रवास पाहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन छत्रीधारी झाली आणि ५०व्या पॅरा ब्रिगेडबरोबर १९४८ साली ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली झांगरला लढली. १९५२ साली तीच सेकंड पॅरा (मराठा) झाली. डिसेंबर १९६१मध्ये हीच पलटण फोंड्याच्या वाटेने गोव्यात शिरली. आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाइलजवळ विमानातून उतरून पूंगलीचा पूल तिनेच ताब्यात घेतला. या पलटणीत १९४८ला शिपाई म्हणून आलेला आणि १९७१पर्यंत सुभेदार झालेला एखादा गडी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या छातीवरच्या एका दांडीवर काश्मीर आणि गोवा या दोन पट्ट्यांचे मेडल, १९६५ची निशाणी आणि १९७१चा पूर्वी स्टार असे सगळे एका ओळीत येईल. ती ओळ म्हणजे त्याचे आत्मचरित्रच. त्याने स्वतः एक अक्षर लिहिले नसेल, पण पदकाच्या कडेवर त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अशी ओळ फोडून चार गिऱ्हाइकांना विकणे म्हणजे पोथीची पाने सुटी करून रद्दीच्या भावात काढणे नव्हे काय? शिवाय पोथीचे पान निदान वाचता तरी येते. सुट्या पूर्वी स्टारवरून तो माणूस फोंड्यालाही आला होता हे कोणाच्या बापाला कळणार?

काही मंडळी याहून वर चढतात. पदक विकणारा नतद्रष्ट आणि घेणारा गिधाड, अशी त्यांची सरळ विभागणी! मला हे पटत नाही. नवरा गेल्यावर औषधपाण्यासाठी ज्या म्हातारीने मेडल विकले, तिला नीतिपाठ देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि पूर्वीची मेडले चांदीची असत, ती सोनाराच्या मुशीत गेली तेव्हा हे नीतिमान कुठे होते? संग्राहकाने पैसे मोजून घेतली म्हणून निदान ती वितळली नाहीत. माझे भांडण जमवणाऱ्याशी नाही, फोडणाऱ्याशी आहे. आणि कुठून आले हे न विचारता घेणाऱ्याशीही.

न विचारल्याने काय होते त्याचा दाखला देतो. नाईक किरपा राम १९४५ साली बंगळूरजवळ थोंडेभावी इथे सरावाच्या वेळी आपल्या जवानांना वाचवण्यासाठी ग्रेनेडवर झेपावले आणि गेले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. ते पदक २००२ साली त्यांच्या विधवा पत्नीच्या घरातून चोरीला गेले आणि २००९मध्ये थेट लंडनच्या लिलावात उगवले! गवगवा झाला म्हणून लिलाव थांबला. जॉर्ज क्रॉस होता म्हणून गवगवा तरी झाला. साध्या युद्धपदकासाठी कोण ओरडणार?

सरकारी कायद्यावर विसंबणाऱ्यांसाठी एक हिशेब. पुरावशेषांचा १९७२चा कायदा शंभर वर्षे उलटलेल्या वस्तू देशाबाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींच्या पदकांना आज त्याचा आधार मागता येईल. गोव्याच्या पट्टीला मात्र २०६१ उजाडेपर्यंत थांबावे लागेल!

तोवर बसून राहायचे का? १९६१ला विशीत असलेला जवान आज पंचाऐंशीच्या घरात आहे. दर १९ डिसेंबरला हारतुरे होतात, भाषणे होतात. त्या खर्चातला थोडा भाग काढून गोवा सरकारने ही पट्टी असलेले संच योग्य किमतीला विकत घ्यावेत, आणि ज्यांना विकायचे नाहीत त्यांच्या घरी जाऊन छायाचित्रे व कडेवरच्या नावांची नोंद करावी. मराठ्यांचे रेजिमेंटल सेंटर बेळगावला, आपल्या घाटापलीकडेच आहे. नावे पडताळायला कुठे दूर जायचे आहे?

आणि संग्राहकांनो, मेडल चिंचेने घासून चकचकीत करू नका, कडेवरचे नाव त्यानेच झिजते. संच हाती आला तर तसाच ठेवा, विकायचाच झाला तर एकाच माणसाला विका. ज्यांनी आधीच फोडले आहेत, त्यांनी कोणते मेडल कोणाला दिले ते निदान नाव-नंबरासह वहीत लिहून ठेवावे. सोनागिरीच्या माझ्या स्नेह्यांनी ती वही सुरू केली आहे.